सेहेचाळीस डिग्रीत काय विणावं?

विणकाम हा थंडीचा छंद आहे असं आपण सगळे का धरून चालतो, कोण जाणे. ऑक्टोबर हीटचा घाम पुसत लोकरीच्या दुकानात जायचं, जानेवारीत अर्धा स्वेटर हातात असायचा आणि फेब्रुवारीच्या शेवटी तो डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात जायचा. मग थेट पुढच्या दिवाळीनंतर. पुण्यात निदान डिसेंबर नावाचा महिना तरी असतो. माझं माहेर वर्ध्याचं. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी कोणी दचकत नाही, आणि सेहेचाळीस झाला की "आज जरा जास्तच तापलं नाही?" एवढंच बोलून लोक कूलरमध्ये पाणी भरायला उठतात.

अशा गावात उन्हाळ्यात काय विणावं, हा प्रश्न मी एका सुट्टीत गंभीरपणे घेतला. नेटवर शोधलं तर 'उन्हाळी विणकामा'ची शेकडो पानं मिळतात. पण मंडळी, त्यांचा उन्हाळा म्हणजे बावीस डिग्री! संध्याकाळी गारवा आला की खांद्यावर टाकायला हलकीशी शाल, असला सगळा मामला. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी गारवा येत नाही, फक्त ऊन जातं. माझ्या आत्याने मांडीवरचा लोकरीचा गुंडा बघून एका वाक्यात निकाल लावला, "काऊन वं, या उन्हाचं लोकर घेऊन बसतात का कोणी? पाहूनच घामोळ्या येतीन अंगावर."

आत्याचं म्हणणं तपासून पाहू. दुकानात आपण 'लोकर' म्हणून जे विकत घेतो ते बहुतेक वेळा मेंढीच्या अंगावरचं नसतंच, ते अॅक्रिलिक असतं. कापडशास्त्राची पुस्तकं प्रत्येक धाग्याचा एक आकडा देतात: ठरावीक हवेत ठेवलेला धागा आपल्या कोरड्या वजनाच्या किती टक्के ओलावा धरतो. सुताचा आकडा साडेआठ टक्क्यांच्या आसपास, खऱ्या लोकरीचा सोळाच्या आसपास आणि अॅक्रिलिकचा जेमतेम दीड-दोन. म्हणजे घाम टिपायच्या बाबतीत अॅक्रिलिक अगदीच कोरडा पाहुणा. खरी लोकर ओलावा भरपूर पिते, पण तिचे तंतू कुरळे असतात, त्यात हवा अडकते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. उरलं सूत. आणि सूत म्हटल्यावर वर्धा जिल्ह्याइतकं योग्य गाव दुसरं कुठलं?

इथेच मला खरा प्रश्न पडला. ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो, ज्या जिल्ह्यात काही वर्षं अख्ख्या देशाचं चरख्याचं राजकारण चाललं, तिथे घरात बसून सुती धाग्याचं विणकाम करणारं माणूस शोधायला इतका वेळ का लागतो? आत्याच्या गल्लीत लोकरीचे स्वेटर विणणाऱ्या चार बायका मिळाल्या. (जानेवारीतल्या पंधरा दिवसांसाठी!) सुती विणणारी एक नाही. क्रोशाची तोरणं आणि टीव्हीवरचे रुमाल करणाऱ्या होत्या, पण अंगावर घालायचं काही नाही.

थोडं मागे जाऊ. मराठीत आपण 'विणणे' हे क्रियापद फारच उदारपणे वापरतो. कोष्टी मागावर लुगडं विणतो, आई सुयांवर स्वेटर विणते, कोळी जाळं विणतो आणि लेखक कथानक. पण मागावरचं विणणं आणि सुयांवरचं विणणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना ओलांडतात. सुयांवर किंवा क्रोशावर एकच धागा स्वतःच्याच फाशात पुन्हा पुन्हा शिरतो. पहिलं आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे. दुसरं आपल्या घरात आलं ते एकोणिसाव्या शतकात, मिशनरी बाया आणि मुलींच्या शाळांच्या मार्गाने. 'क्रोशा' हा शब्दच मुळी फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. म्हणूनच बहुधा आपल्याकडे 'विणकर' म्हटलं की मागावर बसलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो आणि 'विणकाम' म्हटलं की दुपारी ओसरीवर बसलेली बाई. एकाला धंदा म्हणतात, दुसऱ्याला विरंगुळा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत म्हणजे क्रोशा हा युरोपातही फक्त विरंगुळा नव्हता. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा जोगिणींच्या मठांनी आणि काही उमरावांच्या बायकांनी गावोगावच्या मुलींना क्रोशाची लेस करायला शिकवलं. भांडवल काय, तर एक सुई आणि सुताचं रीळ. त्या लेसवर कितीतरी कुटुंबं तगली. म्हणजे रिकाम्या हातांना घरबसल्या काम द्यायचं आणि त्यातून दोन पैसे मिळवून द्यायचे. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे सत्तर-ऐंशी वर्षांनी चरख्याच्या बाजूने जे मांडलं गेलं ते जवळजवळ हेच. हत्यार फक्त वेगळं.

आता हिंगणघाट. वर्ध्याहून दक्षिणेला निघालं की तासाभरात लागणारं गाव. आज बाहेरच्या माणसाला ते फारसं माहीत नसतं, पण एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर-लिव्हरपूलच्या कापूस दलालांना नीट माहीत होतं. 'हिंगणघाट' हे तेव्हा नुसतं गावाचं नाव नव्हतं, कापसाच्या एका जातीचं बाजारातलं नाव होतं. इथल्या 'बनी' कापसाचा तंतू देशी कापसात लांब आणि मऊ समजला जाई. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या. नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा केला गेला १८६२ मध्ये, पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी वर्धा शहर आखलं गेलं १८६६ मध्ये आणि रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. तारखा अशा ओळीने लिहिल्या की कारण वेगळं सांगावं लागत नाही. आमचं गाव हे मुळात कापसाच्या गाठींसाठी काढलेलं गाव आहे.

या भागाला चक्क एक 'कॉटन कमिशनर' होता, रिव्हेट-कारनॅक नावाचा. कर्तबगार माणूस. हिंगणघाटचं बी शुद्ध राहावं म्हणून त्याने खटपट केली. पण त्याच्याच अहवालात एक अपेक्षा अगदी उघडपणे मांडलेली आहे: रेल्वे आली की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग इथल्या विणकरांचा धंदा बसेल, ते शेतात मजुरीला येतील आणि कापूस जास्त पिकेल. धंदा बसणं हा त्याच्या लेखी अपघात नव्हता, योजनेचा भाग होता! ऑफिसात असले 'रिसोर्स रीअलोकेशन'चे स्लाइड मी पाहिलेत, त्यामुळे भाषा लगेच ओळखू आली.

नागपूर-वर्धा-चांदा पट्ट्यात बारीक सुताचं, किनारीचं कापड कोष्टी विणत, आणि जाडंभरडं, रोजच्या वापराचं कापड मोठ्या प्रमाणावर महार समाजातली माणसं विणत. हातकताईचं सूत गावातच व्हायचं. गिरणीचं सूत आणि कापड आल्यावर पहिला फटका जाड्याभरड्याला बसला. कोष्ट्यांनी गिरणीचं बारीक सूत घेऊन माग चालू ठेवले. जाडं विणणारे बरेच जण शेतमजुरीला लागले आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली. शतक संपेपर्यंत हिंगणघाटला आणि पुलगावलाही गिरण्या उभ्या राहिल्या.

आणि तो लांब तंतूचा बनी? तो मागे पडला. व्यापारी पैसे द्यायचा वजनावर. ज्या आखूड, खरखरीत जातीत सरकी कमी आणि रुई जास्त निघते ती शेतकऱ्याला परवडणार, हे उघड आहे. आखूड धाग्याला जपानसारखी नवी गिऱ्हाइकंही मिळाली. तंतू बारीक म्हणून चार पैसे जास्त देणारं कोणी नसेल तर बारीक तंतू टिकत नाही. आज विदर्भात दिसतो तो बहुतेक कापूस अमेरिकन वंशाचा आहे आणि २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर तोही जवळपास सगळा बीटी झाला. तंतू चांगला लांब असतो, गिरणीला आवडतो. पण आपल्या मातीतला म्हणून जो नावाजला गेला होता तो हा नव्हे.

असो. हे सगळं वाचत असताना माझं डोकं मात्र एका वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं: मोजमाप. उन्हाळ्यासाठी हलकं विणायचं तर धागा किती बारीक हवा, हे ठरवायला आकडे लागतात, आणि विणकामातले आकडे म्हणजे निव्वळ वैताग आहे. आपल्या दुकानातल्या जुन्या पद्धतीच्या सुया बघा. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलीमीटर आणि आठ नंबर म्हणजे चार. नंबर मोठा, सुई बारीक. क्रोशाच्या दोऱ्याचंही तसंच, चाळीस नंबर वीसपेक्षा बारीक. सुताचा 'अंक' पण उलटाच. असं का?

चरखावाल्यांनी याचं उत्तर फार सोपं करून ठेवलंय. चार फूट सूत म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका पौंडात जितक्या गुंड्या बसतील तितका सुताचा अंक. गिरणीचं माप ८४० यार्डांच्या लडीचं, म्हणजे २५२० फूट. आपली गुंडी २५६० फूट. जवळपास तेच. पौंडभर रुईतून वीस गुंड्या निघाल्या तर सूत वीस अंकाचं, चाळीस निघाल्या तर चाळीसचं. सूत जितकं बारीक तितक्या गुंड्या जास्त, म्हणून आकडा मोठा. एवढं कळल्यावर दुकानातल्या नंबरांचा राग गेला.

आता उन्हाळी ओढणीचा हिशेब करू. अंगावर जड होऊ नये म्हणून वजन १५० ग्रॅमच्या आत. वीस अंकाची एक गुंडी होते साधारण पावणेतेवीस ग्रॅमची. म्हणजे साडेसहा गुंड्या, म्हणजे पाच किलोमीटरहून जास्त एकेरी सूत! ते चार पदरी केलं तर सव्वा किलोमीटरचा दोरा मिळतो. जाडी जवळपास बाजारातल्या वीस नंबरच्या क्रोशाच्या दोऱ्याइतकी. (दोन्हीकडे वीस, पण वेगवेगळे वीस. युनिट न लिहिणाऱ्या माणसांना शिक्षा व्हायला हवी.)

चार पदर कशाला? एकेरीच विणलं तर आणखी हलकं नाही का होणार? होईल, पण तिरकं होईल. कातलेल्या एकेरी सुतात एकाच दिशेचा पीळ असतो. मागावर ताणलेले उभे-आडवे धागे त्या पिळाला हलू देत नाहीत. सुयांवरच्या फाशांना मात्र मोकळीक असते, तिथे पीळ उलगडायला बघतो आणि चौकोन विणायला घेतला की समांतरभुज चौकोन हातात येतो. पदर एकत्र करताना उलटा पीळ दिला की दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. माझ्या मते वर्ध्यात सूत कातणारे एवढे असूनही सुयांवर विणणारे झाले नाहीत याचं एक साधं तांत्रिक कारण हेच असावं: चरख्याचं सूत मागासाठी कातलेलं असतं.

दुसरं कारण अर्थात विचारांचं. गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरमध्ये मदुराईला अंगावरचे कपडे उतरवून पंचा नेसला, तो गरिबांसारखं राहायचं म्हणून. पण नुसता कपडा म्हणून पाहिलं तर? न शिवलेला, एकेरी, हातकताईचा, ओला करून पिळून पुन्हा पांघरता येणारा सुती तुकडा. चाळीसच्या वरच्या उन्हात यापेक्षा शहाणा कपडा मला तरी माहीत नाही. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, तारीख ३० एप्रिल. आमच्याकडचा ३० एप्रिल! उन्हाळ्यात डोक्यावर ओलं फडकं ठेवून काम करतानाचे त्यांचे फोटो आहेतच. शेगावचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं, कारण बुलडाण्याच्या शेगावशी टपालाची गल्लत व्हायची.

त्याआधीपासून वर्धा हे सुताचं गाव झालं होतं. विनोबा १९२१ मध्ये आश्रम चालवायला वर्ध्याला आले. १९२४ च्या डिसेंबरात बेळगाव काँग्रेसमध्ये तर सभासदत्वाची वर्गणीच सुतात ठरली, महिन्याला २००० यार्ड. (आजच्या कुठल्याही पक्षाने हे करून बघावं.) १९२५ मध्ये चरखा संघ निघाला, १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ, त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' आली आणि शाळकरी पोरांच्या हातात टकळी आली. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही ते चरखे बघून कंटाळलो होतो. आता तिथेच तीन तास उभी असते. तिथली नैसर्गिक रंगांची खादी जरूर बघा, कडुनिंबापासून डाळिंबाच्या सालीपर्यंत रंग कसे निघतात ते कळेल.

पण या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते मजुरीच्या भांडणाने. खादी स्वस्त राहावी म्हणून सूत कातणाऱ्या बायकांना दिवसाकाठी अगदी नगण्य पैसे मिळत होते. दिवसभर चरखा फिरवून पोट भरत नसेल तर हा कसला उद्धार? नालवाडीला असताना विनोबांनी कताईच्या मजुरीवर जगून बघायचा प्रयोग स्वतःवर केला. रोज तासन्‌तास सूत कातायचं आणि त्याच्या दरात जे येईल तेवढंच खायचं. ज्याने दर ठरवायचा त्याने आधी त्या दरात राहून दाखवायचं, ही कल्पना मला भन्नाट वाटते. १९३५ मध्ये गांधीजींनी चरखा संघापुढे मागणी ठेवली की आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळाले पाहिजेत. संघातले व्यवहारी लोक हबकले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: मजुरी वाढली की खादी महागणार, खादी महागली की गिऱ्हाईक जाणार आणि मग त्याच बायकांचं काम जाणार. शेवटी वाढ झाली, पण आठ आण्यांपेक्षा खूप कमी. खादी महागली आणि खप राखण्याचं संकट आलंच.

मी हे दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलं. मला गांधीजींची बाजू पटते. पण दुसऱ्या बाजूच्या माणसाला खलनायक करता येत नाही, कारण त्याच्या हिशेबात चूक सापडत नाही.

आपल्या ओढणीला हा दर लावून बघू. चांगला कातणारा चरख्यावर तासाला अर्धी गुंडी काढतो असं धरलं तर साडेसहा गुंड्यांना तेरा तास. गांधीजींच्या दराने तेरा आणे. नुसत्या सुताचे. पेळू, पिंजण, रंग वेगळे.

आता शेतकऱ्याकडे येऊ. १५० ग्रॅम सुतासाठी, सरकी आणि कताईतली घट धरून, साधारण अर्धा किलो कापूस लागतो. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ७५२१ रुपये. अर्ध्या किलोचे झाले साडेसदतीस रुपये. त्यात बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं आलं. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना जाहीर झालं त्यात वर्धा होता. पुण्यातल्या दुकानात मी तेवढ्याच वजनाच्या, मर्सराइज केलेल्या सुती धाग्याला याच्या कितीतरी पट पैसे मोजते आणि "वा, स्वस्त आहे" म्हणते.

आणि विणणारीचं काय? इथे तो 'धंदा' आणि 'विरंगुळा' वाला फरक आठवा. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. उकाड्याला आमच्याइतकंच बदनाम, फक्त दमट. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती पुढे जगभर निर्यात होऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून केलेल्या अभ्यासावर १९८२ मध्ये पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं: बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास लेस करत होत्या, त्यावर निर्यातदार गबर होत होते, आणि त्या बायकांना मात्र कोणी कामगार म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी' होत्या, फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या. फावला वेळ म्हटलं की मजुरी विचारावी लागत नाही.

सुयांवरचं विणकाम यंत्राने होतं, आपला प्रत्येक टी-शर्ट हे त्याचंच बारीक रूप. खऱ्या क्रोशाचं तसं नाही. लेससारखं दिसणारं कापड यंत्रं भरपूर काढतात, पण क्रोशाचे ते गुंतागुंतीचे खांब आणि साखळ्या कारखान्यात यंत्राने होत नाहीत. तेव्हा मॉलमध्ये सातशे रुपयांना खरा क्रोशाचा टॉप दिसला, तर तो कोणीतरी हाताने केलेला आहे. माझ्या वेगाने त्याला चाळीस तास लागतात. सातशेमधून दुकानाचं भाडं, दलाल, वाहतूक, धागा वजा करा आणि उरलेल्याला चाळीसने भागा. आमच्या टीममधल्या एका मुलीने मला असाच टॉप करून मागितला, "तुला आवडतंच ना, धाग्याचे पैसे मी देते" म्हणाली. मी तिला हाच भागाकार करून दाखवला. ती बिचारी हसली आणि मग शिकायलाच बसली. आता शनिवारी येते. :-)

तर शेवटी उन्हाळ्यात विणायचं काय? दोन-तीन उन्हाळे प्रयोग करून माझं मत असं झालंय. सुती धागा जड असतो आणि त्याला लोकरीसारखं लवचिक अंग नसतं. त्यामुळे सुती पूर्ण बाह्यांचा टॉप दुपारपर्यंत ठीक असतो आणि संध्याकाळी गुडघ्याकडे निघालेला असतो. मोठं काही करूच नका. जाळी जितकी मोकळी तितकं वजन कमी आणि वारा जास्त. एका खांबानंतर दोन साखळ्या, पुन्हा खांब, एवढ्या साध्या जाळीचा गळ्याभोवतीचा पट्टा करायचा आणि बाकी कुडता मलमलीचा किंवा खादीचा ठेवायचा. बाळाचं टोपडं सुतीच करा, फार तर दोन दिवसांचं काम. बाजाराची जाळीची पिशवी हा तर नवशिक्यांसाठी उत्तम प्रकार. वांगी भरून लांबली तरी कोणाची तक्रार नाही! आणि धागा आधी धुऊन घ्या, गुंडीच्या गुंडीच कोमट पाण्यात बुडवून. सूत पहिल्या धुण्यात आटतं ते विणण्याआधीच आटलेलं बरं. घामट हात असतील तर लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्या, धातूच्या सुया हातातून निसटतात आणि कूलरच्या आवाजात पडलेल्या कळतही नाहीत.

चरख्याचं सूत मिळालं तर दोन-तीन पदर एकत्र करून बघाच. थोडं जाडबारीक असतं, मध्येच एखादी गाठ येते. पण मर्सराइज केलेल्या धाग्याची ती चकाकी नसते आणि अंगाला कोरडं, मऊ लागतं. मी आत्याला तसल्या सुताचा छोटा चौकोन विणून दाखवला. तिने तो उलटसुलट केला, गालाला लावला, मग मानेवर ठेवला आणि म्हणाली, "हे चालते. पण एवढंसं कायले केलं?"

म्हणून सध्या तिच्यासाठी खादीच्या पंचाला क्रोशाची किनार चालू आहे. चार बोटं रुंद, मोकळी जाळी, कच्चा पांढरा रंग. दोन बाजू झाल्यात, दोन राहिल्यात. नवतपा लागायच्या आत द्यायची आहे.